कॅमेऱ्याला मानवेल अशी हवा

कॅमेऱ्याची तब्येत कशी सांभाळायची हे तो बनवणाऱ्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं दशांशने भर जेवणात जाहीर केलं, तेव्हा टेबलाभोवतीच्या एकानेही मान वर केली नाही. घराला सवय होती.

दशांश हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ताप आला की बाकीची मुलं रडायची. ही थर्मामीटर स्वतः वाचून "अडतीस पूर्णांक चार" असं सांगायची आणि मग रडायची. आता ती पदार्थविज्ञानाची पदवीधर होती, जाड भिंगांचा चष्मा लावायची आणि खिशात काडेपेटीएवढं एक यंत्र बाळगायची. हवेतली उष्णता आणि दमटपणा दोन्ही त्यावर एकदम दिसायचं. घरात पाहुणे आले की ती आधी यंत्राकडे बघायची आणि मग पाहुण्यांकडे.

काकांचा जॅमचा कारखाना घराच्या मागच्या फाटकापलीकडेच होता. एका टोकाला मोठमोठ्या कढया, पुढे बरण्या भरायचं यंत्र, मग झाकणं लावायचं, मग गार पाण्याच्या फवाऱ्याखालून बरण्या नेणारा सरकता पट्टा, आणि पार शेवटी आत्या. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून प्रत्येक बरणीचं झाकण नीट बसलंय की नाही ते बघायची. निदान तसं ठरलेलं तरी होतं. प्रत्यक्षात आत्याच्या तपासणीतून सबंध कारखान्याच्या बातम्या जात होत्या आणि त्यांच्या आडून बरण्याही जात होत्या. अशाच दोन वाकड्या झाकणांच्या बरण्या एका मोठ्या दुकानसाखळीत पोचल्या, तिथल्या फळीवर फसफसल्या, आणि त्या दुकानांच्या खरेदीवाल्या बाईंनी फोन करून काकांना पाच मिनिटं इतक्या गोड आवाजात झापलं, की काकांना आधी वाटलं नवी ऑर्डरच आली आहे.

दशांशला हवी तशी संधी मिळाली. झाकणं माणसाने तपासायचीच नाहीत, तिने काकांना पटवलं. पट्ट्याच्या वर कारखान्यात वापरायचा खास कॅमेरा लावायचा. तो प्रत्येक झाकणाचा फोटो घेईल, झाकण वाकडं दिसलं की शेजारचा ढकलायचा दांडा, कारखान्याच्या भाषेत 'दांड्या', फटकन बाहेर येईल आणि बरणीला ट्रेमध्ये ढकलेल. कॅमेरा विकणाऱ्यांनी तो वापरून बघायला दिला होता. पसंत नसला तर परत. खरेदीवाल्या बाई सोमवारी स्वतः येऊन बघणार होत्या. त्यांचं समाधान झालं तर ऑर्डर राहणार होती, आणि पॅकिंगच्या खोलीचा सगळा कारभार दशांशकडे येणार होता. नाही झालं, तर आईने ओळखीच्या शाळेत शब्द टाकूनच ठेवला होता. तिथे दशांशला मुलांना घनता शिकवायची होती. दशांशला मुलांचं वावडं नव्हतं, पण मुलं घनतेला कशी वागवतात हे तिने स्वतः मूल असताना पाहिलं होतं.

तेव्हा शनिवारी सगळी माणसं घरी जायच्या आत तिने पट्ट्यापाशी सगळ्यांना गोळा करून भाषण दिलं. कॅमेऱ्याचे चार शत्रू, ती म्हणाली. उष्णता, कारण त्याचं अंग पन्नास अंशांच्या वर गेलं की तो आपणहून बंद पडतो. दमटपणा, कारण काचेवर दव धरलं की तो आंधळा. धूळ, कारण ती आत गेली की निघत नाही. आणि कंपन, कारण हलणाऱ्याला जग हललेलं दिसतं. मेस्त्री कारखान्यातलं सगळं काही दुरुस्त करायचे, त्यातलं निम्मं पुन्हा बिघडायचं. त्यांनी हे चारही शत्रू दोनदा म्हणून पाठ केले. "ताई, निर्धास्त राहा," ते म्हणाले, "एकालाही जवळ फिरकू देणार नाही." पुढे जे झालं त्यात मेस्त्रींचा हा शब्द पाळण्याचा मोठा वाटा आहे.

रविवारी कारखान्याला सुट्टी. दशांशने मुद्दाम तोच दिवस मोजमापाला निवडला. एरवी आत्या तिला यंत्रं घेऊन पट्ट्याच्या आसपास फिरकू देत नसे, हे एक. शिवाय तिचं असं ठाम मत होतं, की गडबडीत घेतलेलं मोजमाप हे मोजमापच नव्हे. शांतता हवी, पंखे बंद हवेत, कोणी मध्ये यायला नको. अशा आदर्श वातावरणात तिने दिवसभर मोजलं. झाकणं लावायच्या जागी सत्तावीस अंश. दमटपणा जेमतेम पंचेचाळीस टक्के. धूळ नाही. पट्ट्याच्या चौकटीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला, तर एक थेंब हलला नाही. अहाहा! कॅमेऱ्याने डोहाळे सांगितले असते तर हेच सांगितले असते.

तरी ती गाफील राहणारी नव्हती. उद्या कढया पेटल्या की थोडं तापेल, हे तिने धरलं होतं. म्हणून कॅमेऱ्याला पत्र्याची छान पेटी केली, पुढे काच लावली, आणि फळांचा गर ठेवायच्या शीतखोलीतून एक जाड नळी काढून गार हवा थेट पेटीत सोडली. कॅमेरा किती गार झाला की त्यावर दव धरेल, हेही तिने गणिताने काढलं होतं: चौदा अंशांच्या खाली. तिचा कॅमेरा विसावर राहणार होता. सहा अंशांची सुरक्षित गादी! नळी जोडून ती शीतखोलीतून बाहेर आली तेव्हा तिचा चष्मा थोडा धुरकटला. तिने तो ओढणीने पुसला आणि दव कधी धरतं त्याचं गणित काकांना समजावायला घेतलं.

सोमवारी सकाळी तीन कढया एकदम पेटल्या. खरेदीवाल्या बाई आल्या तेव्हा पहिला जॅम उकळून बरण्यांत उतरत होता. बाई ठेंगण्या, टापटीप, पांढऱ्या बुटांच्या. हातात त्यांनी घरून आणलेली एक बरणी होती, मुद्दाम वाकडं झाकण लावलेली. काकांनी त्यांना कॅमेऱ्यापाशी नेलं. "हा आमचा बिनपगारी डोळा," ते म्हणाले. "चहा मागत नाही, गप्पा मारत नाही." शेवटच्या खुर्चीतून आत्या मोठ्याने खाकरली.

दशांशने पडद्याकडे बोट दाखवलं. कॅमेऱ्याचं अंग: वीस अंश. एकवीस नाही, एकोणीस नाही. बाईंनी आपली बरणी पट्ट्यावर ठेवली. ती कॅमेऱ्याखाली गेली, दांड्या फटकन बाहेर आला आणि बरणी ट्रेमध्ये. बाईंची भुवई कौतुकाने वर गेली. काकांची छाती सदऱ्याच्या गुंड्यांना झेपेना.

मग पुढची बरणी आली. दांड्या फटकन बाहेर. तिच्या मागचीही ट्रेमध्ये. तिच्या मागचीही.

"बराच कडक दिसतोय," बाई म्हणाल्या.

"कडक म्हणजे? अहो, आमच्याकडे दहातली एक पास झाली तरी खूप!" काका अभिमानाने म्हणाले.

बाईंनी भुवई जागेवर आणली. "म्हणजे दहातल्या नऊ खराब असतात?"

तोवर ट्रे भरला होता आणि दांड्या नव्या बरण्या जुन्या बरण्यांवर ढकलत होता, घाईच्या वेळी बसचा कंडक्टर ढकलतो तशा. दशांशने पडद्याकडे पाहिलं. पडदा पांढराफटक होता. झाकण नाही, बरणी नाही, पट्टा नाही. कॅमेऱ्याला जगात काहीच दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही ते वाकडंच असणार अशी त्याची पक्की समजूत होती.

तिने खिशातलं यंत्र काढलं. छत्तीस अंश. दमटपणा पंच्याऐंशी टक्के. तिने यंत्र झटकलं, फुंकलं, पुन्हा पाहिलं. आकडे तेच. कढयांची वाफ, गरम बरण्यांची वाफ, फवाऱ्याचे तुषार, सगळे मिळून त्या कोपऱ्यात जमले होते, आणि त्यांच्या मधोमध तिची वीस अंशांची पेटी उन्हाळ्यातल्या बर्फाच्या पेल्यासारखी घाम गाळत उभी होती. ह्या हवेत तेहेतिसाच्या खाली जे काही जाईल ते ओलं होणार होतं. सहा अंशांची गादी कुठल्या कुठे वाहून गेली होती.

पण दशांश डगमगणाऱ्यातली नव्हती. साधी गोष्ट आहे, तिने बाईंना सांगितलं, काचेला जरा ऊब द्यायची की दव जाईल. तिने नळी बंद केली आणि मेस्त्रींना किंचित गरम हवा मारायला सांगितली.

मेस्त्रींनी शनिवारी शब्द दिला होता. शत्रू क्रमांक दोन समोर बसलेला त्यांना दिसत होता. बरणीच्या गळ्याभोवतीचं प्लॅस्टिक आवळायला जी गरम हवेची बंदूक असते, ती घेऊन ते धावले, पेटीचं दार उघडून नळकांडं आत घातलं आणि दमटपणाचा असा काही समाचार घेतला की विचारू नका. पडदा स्वच्छ झाला. झाकणं दिसू लागली. दशांशने सुटकेचा श्वास सोडला, तोवर पडद्यावरचा आकडा तिसावरून चाळिसावर, चाळिसावरून बावन्नावर गेला आणि पडदा काळा झाला. कॅमेरा आपणहून बंद पडला, तिने शनिवारी सांगितलं होतं अगदी तसाच.

आता दांड्याला हुकूम देणारा कोणी उरला नाही, त्यामुळे तोही थंड. बरण्या रांगेने, शिस्तीत, एकही न थांबता पुढे जाऊ लागल्या. काका एकदम खुलले. "बघा," ते बाईंना म्हणाले, "आता सगळ्या पास!" बाईंनी शांतपणे ट्रेमधून आपली वाकड्या झाकणाची बरणी उचलली, झाकण पुरतं काढून खिशात टाकलं आणि उघडी बरणी पट्ट्यावर ठेवली. ती कॅमेऱ्याखालून डौलात गेली. काकांनी तिलाही "पास!" म्हटलं, आणि मगच तिच्याकडे नीट पाहिलं.

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ऑर्डर हातातून जाताना त्यांना दिसत होती, आणि दशांशला शाळेची घंटा ऐकू येत होती. काकांसारख्या कर्त्या माणसाला अशा वेळी गप्प राहवत नाही. कॅमेरा तापलाय ना, मग वारा घाला, एवढं साधं कोणाला सुचत कसं नाही, असं म्हणत त्यांनी गोदामातला उभा पंखा स्वतः ओढत आणला. पंखा त्यांच्या वडिलांच्या वेळचा. चालू झाला की विमान उडेल असं वाटायचं, फक्त ते उडायचं नाही. दशांश नको नको म्हणेपर्यंत त्यांनी तो पट्ट्याच्या चौकटीला टेकवून चालू केला.

पंख्याच्या मागे खोके दुमडायची जागा होती. तिथला सगळा भुसभुशीत पुठ्ठा-चुरा हवेत उठला आणि तुषारांनी पुन्हा ओलसर झालेल्या काचेवर जाऊन बसला. चौकट थडथडायला लागली. अशात कॅमेरा गार होऊन पुन्हा जागा झाला, आणि डोळे उघडताच त्याला एकेका बरणीवर दोन दोन झाकणं दिसू लागली, दोन्ही दाढीवाली. दांड्या बिथरला. एक बरणी ढकल, दोन सोड, तीन ढकल. ट्रेवरचा ढीग डुगडुगला, सगळ्यात वरची बरणी विचार करत असल्यासारखी क्षणभर थांबली आणि खाली आली.

बरणी फुटली नाही. झाकण मात्र निघालं, आणि आतला गरम लाल जॅम बाईंच्या पांढऱ्या बुटांवर सांडला.

सगळे जागच्या जागी थांबले. काकांनी पंखा बंद केला. बाईंनी खाली बघितलं, मग दशांशकडे बघितलं आणि फोनवरच्याच त्या गोड आवाजात विचारलं, "हे झाकणही नीट बसलेलं नव्हतं, नाही का?"

आत्या उठली. बाईंना तिने हाताला धरून स्वतःच्या टेबलाशी नेलं, बूट-मोजे काढायला लावले, पाय धुवायला पाणी दिलं, बूट धुऊन खिडकीत वाळत ठेवले आणि चहा ओतला. काका मागे मागे क्षमा मागत फिरत होते. आत्याने त्यांना खुणेने लांब केलं. बाईंच्या पायाला फारसं काही झालं नव्हतं. चहाचा एक घोट पोटात गेल्यावर त्या म्हणाल्या, "बाकी तुमच्या ह्या जागेवर फार बरं वाटतं हो."

दशांश पट्ट्यापाशी भिजलेल्या मांजरासारखी उभी होती. चार शत्रू तिने सगळ्यांना पाठ करून दिले होते, आणि तासाभरात चौघेही येऊन गेले होते. तिने नेहमीच्या सवयीने आत्याच्या टेबलाकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. काठोकाठ भरलेला चहाचा कप, आणि त्यात एक लाट नाही. आत्याचा वाचायचा चष्मा लख्ख, बाईंचाही लख्ख. आख्ख्या खोलीत बाकी सगळ्यांची भिंगं धुरकट. खिडकीतले बूट बघता बघता वाळत आलेले.

ती धावत गेली आणि दोघींच्या मध्ये यंत्र धरलं. सव्वीस पूर्णांक आठ अंश. दमटपणा अठ्ठेचाळीस टक्के. कढया पेटलेल्या, फवारे चालू, पट्टा धडधडतोय, आणि हे!

"अगं, चहात ते यंत्र बुडवशील," आत्या म्हणाली.

"आत्या, तू ही जागा कशी शोधलीस?"

आत्याने सांगितलं, की शोधायचंय काय त्यात? सुरुवातीला ती कढयांजवळ बसायची, तिथे घामाने पावडर टिकेना. मग फवाऱ्याशी बसली, तिथे केस चिकटायचे. खोक्यांपाशी शिंका. जिथे पट्ट्याची चौकट भिंतीला पक्की केलेली नव्हती तिथे चहा सांडायचा. खुर्ची सरकत सरकत इथे आली आणि थांबली. गप्पा मारायला माणूस आरामात बसलेलं लागतं!

दशांशने मग बाईंना सगळं खरं सांगून टाकलं: की तिने सारं मोजमाप दशांशापर्यंत अचूक घेतलं होतं, फक्त कारखाना बंद असताना. बाई चहा पिता पिता थांबल्या. "म्हणजे तुमचा कॅमेरा सुट्टीच्या दिवशी उत्तम चालतो," त्या म्हणाल्या. दशांशने मान डोलावली. मग तिने बूट पूर्ण वाळेपर्यंतचा वेळ मागितला, आणि बाईंना अनवाणी जाता येण्यासारखं नव्हतंच.

पेटी नको, नळी नको, पंखा नको. मेस्त्रींनी कॅमेरा आणि दांड्या उचलून आत्याच्या टेबलावरच्या आडव्या दांडीला आवळले. दशांशने काच पुसली. बरण्या फवाऱ्याखालून गार होऊन, खिडकीच्या वाऱ्याने कोरड्या होऊन येत होत्या. पडद्यावर एकेक झाकण नाण्यासारखं ठळक उमटत होतं. बाईंनी खिशातलं झाकण काढून आपल्या त्या उघड्या बरणीवर वाकडं बसवलं आणि हळूच मध्ये सोडलं. फटक! चांगल्या बरण्यांच्या आड लपवून आणखी एक सोडली. फटक! काकांच्या नकळत त्यांचं टोपण काढलेलं पेन सोडलं, तेही ट्रेमध्ये गेलं. बाईंनी बूट घातले, लेस बांधल्या आणि ऑर्डर राहील असं सांगितलं. आत्याच्या हातचा चहा मात्र पुढच्या वेळीही लागेल, अशी अट घातली.

काका शब्दाला पक्के. पॅकिंगच्या खोलीचा कारभार त्याच संध्याकाळी दशांशकडे आला. आईने शाळेत फोन करून नम्रपणे नकार कळवला. आता प्रश्न एकच उरला होता: कारभारीणबाई बसणार कुठे? दशांशचं म्हणणं, कॅमेऱ्याजवळ. आत्याचं म्हणणं, कॅमेऱ्याला हवी तर तिच्या डोक्यावरची जागा दिली, तिची खुर्ची हलणार नाही, आणि त्या टेबलाशी तिसऱ्याला जागा नाही. मेस्त्रींनी तोडगा काढला. झाकणयंत्राजवळची पेटीची जागा रिकामी झालीच होती. गार हवेची नळीही तयार होती. ताईंचं टेबल तिथे टाकू, म्हणजे नळी वाया जायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी दशांश मोठ्या रुबाबात आपल्या नव्या टेबलाशी बसली. समोर वाफ, मानेवर शीतखोलीचा गार झोत. तिने पहिला कागद हातात घेतला आणि तो तिला दिसेना. चष्मा पुसला, घातला, पुन्हा दिसेना. कॅमेऱ्याला काय मानवतं ते सगळं त्याच्याबरोबरच्या कागदावर छापून आलेलं होतं. पदवीधरांबरोबर असा कागद येत नाही.

पलीकडे, धुरकट भिंगांआडून, कोणीतरी लांब नळकांड्याची वस्तू घेऊन लगबगीने तिच्याकडे येताना तिला अंधुक दिसलं.

"ताई, हलू नका," मेस्त्री म्हणाले. "काच लगेच साफ करतो."